हिरव्या झाकणाचा डबा

चावीवाल्यानं बायकोचं नाव काडी ठेवलं ते लग्न ठरलं त्याच दिवशी. अंगानं बारीक आणि जरा घासलं की पेट घेणारी. दुसरं नाव शोधायची त्याला गरजच वाटली नाही. तिनंही त्याला कधी गोड शब्दानं हाक मारली नाही. "अहो, ऐकलं का" हे ती पाहुण्यांसमोर म्हणे, एरवी "कुठं मेलात" एवढ्यावर भागे. दिवसातून एकदा भांडल्याशिवाय दोघांनाही अन्न पचत नसे. संसार असा चालला होता, आणि बरा चालला होता.

मग काडीला क्षय झाला. हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करता करता ती खोकायची आणि वाफेनं होत असेल म्हणून सगळे सोडून द्यायचे. तीही सोडून द्यायची. दुखणं अंगावर काढण्यात काय मोठेपणा असतो कोण जाणे, पण आमच्याकडच्या बायकांना तो वाटतो खरा. निदान झालं तेव्हा तिच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. औषधं सुरू झाली, तिच्यापासून दुसऱ्याला लागण व्हायचे दिवस संपले, जीव वाचला. पण अंगावर मांस म्हणून चढेना. "गोळ्या त्यांचं काम करतायत," डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही तुमचं करा. अंडी, मासे, कडधान्यं, भाज्या. चांगलं खात जा." चांगलं खात जा म्हणायला जीभ तेवढी हलवावी लागते. धुलाईघरानं तिच्या जागी केव्हाच दुसरी बाई उभी केली होती, आणि घरात पाव आणि बटाट्यापलीकडे काही शिजत नव्हतं.

रुग्णालयानं नियमाप्रमाणे घरातल्या बाकीच्या माणसांची तपासणी केली. बाकीची माणसं म्हणजे एकटा चावीवाला. त्याच्या फुप्फुसात बायकोचे जंतू येऊन निजले होते, आणि रक्तात साखर भरपूर वाढलेली निघाली. तीही त्याला पहिल्यांदाच कळत होती. साखर वाढलेल्या माणसात असे निजलेले जंतू लवकर जागे होतात, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ते जागे होऊ नयेत म्हणून गोळ्या दिल्या, तर त्या त्याच्या यकृताला सोसल्या नाहीत. डोळे पिवळे झाले आणि गोळ्या बंद कराव्या लागल्या. उरली एकच वाट: साखर ताब्यात ठेवायची.

त्यासाठीच रुग्णालयात एक अभ्यास चालू होता. घरात क्षयाचा रोगी आणि स्वतःला साखर, अशी माणसं त्यांनी गोळा केली होती. नेमक्या जेवणानं साखर उतरवली, तर त्यातली किती माणसं क्षयातून सुटतात, हे त्यांना बघायचं होतं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून रोज एक डबा येई, दोन खणांचा, हिरव्या झाकणाचा. माणसानं तो सगळा खायचा आणि रिकामा डबा दुसऱ्या दिवशी परत करायचा. त्यात काही उरलंच तर तिथं ते वजन करून बघत. हे सगळं ज्या बाई सांभाळत त्यांना लोक आहारताई म्हणत. ताई स्वभावानं मऊ, पण नियमाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

चावीवाल्याची टपरी बाजारातल्या एका जिन्याखाली होती. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहावं, एवढीशी. सकाळी रुग्णालयाची गाडीवाली तिथं डबा ठेवून जाई, आणि संध्याकाळी तो डबा घेऊन चावीवाला घरी येई.

"हा तुझा," पहिल्या दिवशी त्यानं डबा काडीपुढे ठेवला.

"माझा कसा?"

"रोग्याला वेगळा देतात. माझा मी दुपारीच उडवला, टपरीत."

काडीनं झाकण उघडलं. वरच्या खणात उकडलेली अंडी आणि हिरवी भाजी, खालच्यात घट्ट शिजवलेला घेवडा. तिनं आधी डब्याकडे आणि मग नवऱ्याकडे संशयानं पाहिलं. "एवढं कोण कशाला देईल?"

"संशोधन आहे ते. तुला काय कळणार! इस्त्री करायची सोडून डोकं चालवू नकोस. खा."

ती खाऊ लागली. तो समोर बसून कोरडा पाव चघळत होता. "मला पथ्य आहे बाई आता," असं म्हणून त्यानं दोन्ही हात पोटावरून फिरवले, तेव्हा काडीला हसू आलं. किती महिन्यांनी ती हसली होती, आणि डबा पुसून खाल्ला होता.

मग रोजच तसं होऊ लागलं. काडीचे गाल भरले, केस गळायचे थांबले, जिना चढताना दम लागेनासा झाला. आवाजही मूळ पदावर आला, म्हणजे शेजारच्यांना घरबसल्या ऐकू यावा इतका. खालच्या मजल्यावर तिची नणंद एकटीच राहायची, शिवणाच्या कपड्यांना बटणं लावून द्यायची. तिच्या जिभेला सुईपेक्षा धार होती. "वहिनी, गाल भरले हो तुझे," ती एकदा म्हणाली. "माझ्या दादाचे कुठं गेले ते बघ जरा."

"पथ्यावर आहेत ते, वन्सं. साखरेचा माणूस उतरायचाच."

"असेल बाई. आम्हाला काय, आपलं दिसलं ते बोलले."

दिसत काडीलाही होतं. चावीवाल्यानं कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं, स्वतःच्या हत्यारानं, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या आत आणखी एक. दिवसभर पाणी पाणी करायचा. आणि चाव्या परत येऊ लागल्या होत्या. हाताला डोळे असल्यासारखा चावी घासणारा माणूस तो. त्याच्या चावीनं कुलूप उघडलं नाही असं पूर्वी घडत नसे. आता गिऱ्हाईक येऊन चावी आपटायचं. "कानस बोथट झालीय," तो म्हणायचा. कानस नवी आणली तरी चाव्या परत यायच्या थांबल्या नाहीत. दाते त्याला धूसर दिसत होते, पण हे तो कुणाला सांगणार!

काडीला वाटायचं, विचारावं. मग वाटायचं, रुग्णालयाची माणसं बघतायत ना, शिकलेली माणसं आहेत, त्यांना कळत असेल. आपण सुखात असलो की दुसऱ्याच्या दुःखावर विश्वासू माणसं नेमून मोकळे होतो.

एका दुपारी आहारताई घरी आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा. अभ्यासातल्या माणसांची वजनं करायला त्या तो सगळीकडे घेऊन फिरत. चावीवाला टपरीवर होता.

"त्यांना नाही, मला तुम्हालाच भेटायचं होतं," ताई म्हणाल्या. "जरा फळ्या बघू का स्वयंपाकघरातल्या?"

काडीनं डोकं तापवून घेतलं, पण बाजूला झाली. ताईंनी डबे उघडले, बरण्या हुंगल्या, साखरेची बरणी तळाला गेलेली पाहिली आणि स्टुलावर बसल्या.

"खरं सांगा, तुमचे मिस्टर चोरून गोड खातात का?"

"घरात तर नाही. का?"

"मला कोडं पडलंय. तपासणीला येतात तेव्हा बोटातून काढलेल्या रक्तात साखर ठीक असते. पण महिन्यांची सरासरी सांगणारी दुसरी तपासणी असते, ती भलतंच सांगते. साखर वाढतेच आहे, वजन घटतंय. आणि डबा तर रोज लख्ख रिकामा येतो. परवा मी मुद्दाम माशाचा मोठा तुकडा घातला, म्हटलं टाकून देतात का बघू. डब्यात कणही उरला नव्हता."

परवाचा मासा. काडीनं त्याचे काटे कागदात गुंडाळून टाकले होते, आणि बोटं चाटली होती.

"रोग्याचा डबा असतो ना, त्यात पण मासा होता का?" तिनं विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"रोग्याचा कुठला डबा? डबा एकच, अभ्यासातल्या माणसाचा." ताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "त्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला तर मला त्यांचं नाव काढावं लागेल, बरं का. मला आवडणार नाही, पण काढावं लागेल. नाहीतर सगळा अभ्यास खोटा पडतो."

आधी त्याला विचारू, मग बघू, असं ती मनाशी म्हणाली. ताई गेल्या तशी ती चप्पल पायात सरकवून थेट बाजारात गेली.

"डबे किती येतात?" टपरीपाशी पोचायच्या आत तिनं विचारलं.

कानस चालूच राहिली. "कसले डबे?"

"माझ्याकडे बघा आणि सांगा. किती?"

त्यानं पाहिलं. हातातली चावी खाली ठेवली, हातावरचा पितळेचा भुसा झटकला. "एक," तो म्हणाला.

काडीला वाटलं होतं आपण पेटू. पण ती जिन्याच्या पायरीवर बसली. टपरीच्या कोपऱ्यात चहाचे रिकामे पेले आणि पावाचे चुरे होते. शेजारचा चहावाला साखर सढळ हातानं घालतो, हे बाजाराला माहीत होतं.

"अगं, सरळ हिशेब आहे," तो तिला समजावू लागला, जसा गिऱ्हाइकाला समजावतो. "माझा रोग खाण्याचा, तुझा न खाण्याचा. मी जेवलो नाही की माझं पथ्य आपोआप होतं. तू जेवलीस की तुझं औषध होतं. एकाच डब्यात दोघांचं काम. डॉक्टरांना हे सुचलं नाही, मला सुचलं."

"आणि तो चहा? हे पाव?"

"डॉक्टरांची साखर उतरवायची गोळी घेतली की दुपारी हातपाय थरथरतात. डोळ्यांपुढे अंधार येतो. मग घोटभर चहा घ्यावाच लागतो. त्यानं काय होतंय? तपासणीच्या आदल्या दिवशी तोही घेत नाही मी."

"मूर्ख आहात तुम्ही," काडी म्हणाली, आणि रडू लागली. "शंभर चाव्या करता, आणि स्वतःच्या डोक्याला एक लागत नाही. मी आत्ताच्या आत्ता जाऊन ताईंना सांगते."

"सांग. नाव काढतील. डबा तुझाही जाईल आणि माझाही. माझ्या तपासण्याही जातील." तो बाहेर येऊन तिच्याशेजारी बसला. तिथं कधी बसत नसे; लोक बघतात म्हणायचा. "काडे, तुझी शेवटची तपासणी तोंडावर आलीय. तेवढी होऊ दे. मग डबा माझा. शपथ."

"शपथ नको. उद्यापासून डबा तुमचा. मी इथं येऊन बसणार, आणि तुम्ही माझ्यासमोर खाणार. मग मी गप्प बसते."

असा तो सौदा झाला. दोघांनाही वाटलं आपणच शहाणे.

दुसऱ्या दिवसापासून काडी जेवणाच्या वेळेला पायरीवर येऊन बसू लागली. तो डबा उघडी, ती घास मोजल्यासारखी त्याच्या तोंडाकडे बघे. "अंडं तरी घे," तो म्हणे. "गिळा मुकाट्यानं," ती म्हणे. चहावाल्यालाही तिनं असा काही दम दिला की त्यानं चावीवाल्याकडे बघायचंच सोडलं. हळूहळू त्याची थरथर थांबली. चाव्या परत येईनाशा झाल्या. काडीची शेवटची तपासणी चांगली निघाली. तिच्या अंगातला क्षय संपला होता. आणि पुढच्या तपासणीला त्याची साखर खरोखरच उतरली. आहारताईंनी टपरीवर येऊन त्याचं कौतुक केलं. त्या दिवशी घरी येताना नवराबायको रस्ताभर भांडत आले, कशावरून ते आठवू नये इतक्या आनंदात.

खोकला त्यानंतर सुरू झाला. "पितळेचा भुसा जातो घशात," तो म्हणाला. काडीनं तो खोकला एकदाच ऐकला आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. तिनं तो आपल्या छातीत कितीतरी दिवस बाळगला होता. ती तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार? सकाळ होताच तिनं त्याला रुग्णालयात नेलं. थुंकीत जंतू सापडले. साखर वाढत होती त्या महिन्यांतच ते जागे झाले होते, आणि साखर उतरली म्हणून काही परत निजायला गेले नाहीत.

पुढचं सांगायला फार नाही. औषधं यकृताला सोसेनात, ती बदलली, बदललेली लागू पडेनात. आजारानं साखर पुन्हा उसळली. वॉर्डात त्याच्या खाटेशी बसून काडी त्याला भरवायची आणि तो मान फिरवायचा. "तू खा," म्हणायचा. शेवटी शेवटी तिला बघून एकच बोलायचा: "काय गुबगुबीत झालीयेस गं. काडी म्हणायची सोय राहिली नाही." आणि त्याचं त्यालाच समाधान वाटायचं. काडीला त्या वेळी त्याचा गळा दाबावासा वाटे, आणि त्याला छातीशी धरून बसावंसंही वाटे. एका सकाळी तो गेला.

आहारताई घरी भेटायला आल्या तेव्हा नणंद वरच होती. तीच बोलत होती. काडी भिंतीला टेकून बसली होती. ताईंनी नेहमीची पिशवी दाराशी ठेवली.

"फार वाईट झालं," ताई म्हणाल्या. "सगळ्यात प्रामाणिक माणूस होता आमचा. एक घास कधी परत पाठवला नाही."

"शब्दाचा पक्का होता माझा दादा," नणंद डोळे पुसत म्हणाली.

"त्याचंच वाईट वाटतं. एवढं पाळूनही आजार झालाच. आणि असे अजून एकदोघं निघाले आमच्याकडे." ताईंचा आवाज खाली आला. "मोठे डॉक्टर म्हणतायत, डब्यानं काही होत नाही असं दिसतंय. डबे बंद करून टाकू. पुढच्या आठवड्यात ठरेल."

काडीनं वर पाहिलं. "बंद? सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे. आणखी घरं आहेत अशी, पण उपयोग होत नाही म्हटल्यावर कशाच्या जोरावर मागू मी?"

नणंद भावाच्या खरेपणाच्या आणखी गोष्टी सांगत होती. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. तो गेलाच होता; आता निदान प्रामाणिक म्हणून गेला असता. काडीनं पदर सावरला.

"त्यांनी डबा खाल्ला नाही," ती म्हणाली.

नणंदेचं बोलणं मधेच तुटलं.

"मी खाल्ला. पहिल्या दिवसापासून. रोग्याचा वेगळा येतो म्हणून सांगायचे आणि मला खायला घालायचे. स्वतः चहापावावर राहायचे. तुम्ही घरी आलात त्या दिवशी मला कळलं. मग मी समोर बसून खायला लावला, शेवटचे थोडे दिवस."

ताई बोटांवर महिने मोजू लागल्या. "म्हणजे साखर उतरली ती—"

"तेव्हाच. डबा पोटात गेला तेव्हाच. डब्यात खोट नव्हती, ताई."

"त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?"

"नाव काढाल म्हणून."

"काढलंही असतं मी," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. "किंवा दुसरा डबा मागून बघितला असता. मला खरंच माहीत नाही. पण फुप्फुसाचा फोटो तरी त्याच दिवशी काढला असता."

नणंद उठून उभी राहिली. हातातला रुमाल तिनं घट्ट पिळला होता. "खाल्लास गं," ती म्हणाली. "माझ्या भावाला खाल्लास तू."

काडी पेटली नाही. ती उठली, दाराशी गेली, ताईंच्या पिशवीतून वजनकाटा काढला आणि खोलीच्या मध्ये फरशीवर ठेवला. मग त्यावर चढून उभी राहिली. काटा थरथरला आणि लग्नापासून कधी गेला नव्हता तिथं जाऊन थांबला.

"बघा," ती ताईंना म्हणाली. "माझं आजारातलं वजन तुमच्या रुग्णालयात असेल. त्याच्यावर जेवढं वाढलंय ते माझं नाही. ते त्यांच्या नावावर मांडा, आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा."